कौटुंबिक समुपदेशकाचे कौशल्य घडते कसे?

घरातला तंटा चार माणसांत बसून मिटवण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. मुलीचे मामा, मुलाचे चुलते, भावकीतले एखादे वजनदार गृहस्थ दोन्हीकडच्यांना समोर बसवतात, थोडे रागे भरतात, थोडे चुचकारतात आणि 'झाले गेले विसरा, नीट नांदा' असे सांगून उठतात. त्यांचा शब्द मानला जातो तो नात्यामुळे, वयामुळे आणि उद्या लग्नकार्यात पुन्हा एकमेकांना तोंड दाखवायचे असते म्हणून. कौटुंबिक समुपदेशकाजवळ यातले काहीच नसते. घरच्यांना तो परका असतो, निकाल देण्याचा अधिकार त्याला नसतो आणि चूक कोणाची हे ठरवणे त्याचे कामही नसते. तरीही महिनोन्महिने अबोला धरलेली माणसे त्याच्यासमोर बोलू लागतात, याचे श्रेय गोड स्वभावाला कमी आणि शिकून, सराव करून, जाणत्या व्यक्तीकडून वारंवार तपासून घेऊन कमावलेल्या कौशल्यांना अधिक जाते.

महाराष्ट्रात हा व्यावसायिक अनेकांना पहिल्यांदा भेटतो तो कौटुंबिक न्यायालयात. १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्याच्या कलम ९ प्रमाणे, जिथे शक्य असेल तिथे पक्षकारांना समझोत्यासाठी साहाय्य करणे हे न्यायालयाचे कर्तव्य आहे. कलम ६ प्रमाणे त्यासाठी लागणारे समुपदेशक राज्य शासनाने उच्च न्यायालयाशी विचारविनिमय करून उपलब्ध करून द्यायचे आहेत, तर कलम १३ प्रमाणे वकील देणे हा या न्यायालयात पक्षकाराचा आपोआप मिळणारा हक्क नाही. म्हणून अर्ज दाखल झाल्यावर नवरा-बायकोला विवाह समुपदेशकाच्या खोलीत बसावे लागते. त्याच १९८४ साली टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबईच्या पोलीस मुख्यालयात महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. पोलिसांच्या आवारात प्रशिक्षित समाजकार्यकर्तीने बसण्याची ही पद्धत पुढे राज्याच्या इतर भागांतही गेली. याशिवाय पोलिसांचे भरोसा सेल (महिला व मुलांच्या तक्रारींसाठीचे मदत कक्ष), रुग्णालये, स्वयंसेवी संस्था आणि खासगी दवाखाने आहेतच. जागेप्रमाणे कामाची मर्यादा बदलते, पण ज्या कौशल्यावर काम उभे राहते ते सगळीकडे बरेचसे सारखेच असते.

वैयक्तिक समुपदेशन शिकलेल्या माणसाला कुटुंबासमोर बसवले की पहिली अडचण येते ती पाहण्याच्या सवयीची. एका व्यक्तीशी बोलताना तिचे म्हणणे मनापासून ऐकणे, ते न तोलता स्वीकारणे हे पुरेसे असते. समोर तिघे असले की एकाच्या म्हणण्याला मान डोलावणे म्हणजे उरलेल्या दोघांच्या दृष्टीने बाजू घेणे ठरते. शिवाय कुटुंबात कारण आणि परिणाम सरळ रेषेत नसतात. तो उशिरा घरी येतो म्हणून ती टोचून बोलते, असे ती सांगते. ती टोचून बोलते म्हणून मी उशिरा येतो, असे तो सांगतो. दोघेही खरे बोलत असतात. सुरुवात कोणी केली याचा शोध घेत बसणारा समुपदेशक नकळत न्यायाधीश होतो. हे चक्र कशामुळे फिरत राहते आणि ते कुठे थोडे अडवता येईल, हे पाहणारा समुपदेशक कामाला लागतो.

ही दृष्टी १९५० च्या दशकात आकाराला आली. अमेरिकेत मरे बोवेन या मनोविकारतज्ज्ञाने १९५४ पासून राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत गंभीर मनोविकार असलेल्या रुग्णांबरोबर त्यांच्या घरच्यांनाही ठेवून घेऊन अभ्यास केला आणि आजार एका व्यक्तीत दिसत असला तरी ताण संपूर्ण कुटुंबात फिरत असतो, अशी मांडणी केली. साधारण त्याच दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर रुग्णांच्या नातेवाइकांना आवारात तंबू ठोकून राहू देत होते आणि शुश्रूषेत सामील करून घेत होते. अमेरिकेतल्या त्या काळच्या मांडणीत कुटुंबाकडे बऱ्याचदा दोषी म्हणून पाहिले गेले. अमृतसरमध्ये ते मदतनीस म्हणून आत आले. पाठ्यपुस्तके पहिल्या प्रयोगाबद्दल पानेच्या पाने लिहितात आणि दुसरा दोन ओळींत उरकतात, हे मला खटकते, कारण आपल्याकडे काम करणाऱ्याला दुसऱ्याचा उपयोग जास्त आहे.

या दृष्टीतून निघालेले सर्वांत उपयोगी हत्यार म्हणजे प्रश्न विचारण्याची एक विशिष्ट पद्धत. इटलीतल्या मिलान शहरातील मारा सेल्विनी पालाझोली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० साली ती नीट मांडली. तिचे सूत्र असे की व्यक्तीला तिच्या स्वतःच्या भावनेबद्दल विचारण्याऐवजी दुसऱ्या दोघांमधल्या नात्याबद्दल विचारायचे. एक रचलेले उदाहरण घेऊ. नवरा, बँकेत नोकरी करणारी बायको, सासू आणि आठ वर्षांची मुलगी असे कुटुंब आहे. बायकोला वेगळे बिऱ्हाड हवे आहे आणि नवरा दोघींच्या मध्ये सापडला आहे. मुलगी शेजारच्या काकूंकडे आहे, बाकी तिघे समोर बसले आहेत. 'तुम्हाला काय त्रास आहे?' असे सुनेला विचारले तर तक्रारींची यादी येते, सासू ती खोडून काढते आणि घरातलेच भांडण खोलीत पुन्हा सुरू होते. त्याऐवजी समुपदेशक नवऱ्याला विचारते, 'दादा, या दोघींचे बोलणे बंद होते, तेव्हा घरात सगळ्यांत आधी कोणाच्या लक्षात येते?'

'छोटीच्या,' तो म्हणतो. 'ती मग आजीजवळच झोपते.'

'काकू, ती तुमच्याजवळ झोपली की तिच्या आईला काय वाटत असेल असे तुम्हाला वाटते?'

सासू थोडा वेळ गप्प राहते. 'वाटत असेल की मी पोरीला फितवते. पण मी नाही बोलावत हो तिला.'

या दोन प्रश्नांत कोणावरही ठपका आलेला नाही, पण तिघांच्याही ध्यानात आले आहे की भांडणाचा निरोप आठ वर्षांची मुलगी वाहते आहे. सासूला सुनेच्या मनात डोकावावे लागले, आणि सुनेला आपल्याबद्दल सासू काय अंदाज बांधते हे पहिल्यांदाच कानाने ऐकायला मिळाले. असे प्रश्न वाचून सोपे वाटतात. प्रत्यक्ष बैठकीत, आवाज चढलेला असताना ते सुचण्यासाठी मात्र पुष्कळ सराव लागतो, कारण त्या क्षणी आपल्या जिभेवर येतो तो सल्ला.

या संवादातले 'दादा' आणि 'काकू'ही सहज आलेले नाहीत. नवऱ्याला 'सर' आणि बायकोला एकेरी नावाने हाक मारली, तर पहिल्या पाच मिनिटांत तिला कळते की या खोलीतही उतरंड घरासारखीच आहे. सासूला 'आई' म्हटले तर समुपदेशक मुलाच्या रांगेत जाऊन बसतो. कोणी कुठे बसायचे, पहिला शब्द कोणाला द्यायचा, घरातल्या कर्त्याला योग्य मान देऊन त्याच वेळी सर्वांत धाकट्याचा आवाज कसा वर आणायचा, या बारीकसारीक गोष्टींनाच साल्वादोर मिनुचिन या चिकित्सकाने कुटुंबात 'सामील होणे' म्हटले आणि बदलाची भाषा त्यानंतरच बोलायची असे शिकवले. सामील न होता सुधारायला निघालेल्या समुपदेशकाकडे कुटुंब दुसऱ्यांदा फिरकत नाही.

दुसरे साधन कागदावरचे आहे. जीनोग्राम म्हणजे किमान तीन पिढ्यांचा कुटुंबालेख. पुरुषासाठी चौकोन, स्त्रीसाठी वर्तुळ, लग्नासाठी जोडरेषा, मृत व्यक्तीच्या चिन्हावर फुली, घटस्फोटासाठी रेषेवर दोन तिरके काप, सततच्या भांडणासाठी नागमोडी रेषा आणि फारच घट्ट नात्यासाठी तीन समांतर रेषा अशी त्याची लिपी आहे. वंशावळीत नुसती नावे असतात. इथे नावांपेक्षा नात्यांचा पोत महत्त्वाचा. वरच्या कुटुंबाचा आलेख काढताना समजा असे निघाले की सासू स्वतः तिशीत विधवा झाली आणि तिने मुलाला दिराच्या घरात राहून वाढवले. सुनेच्या आईने मात्र सासरच्या जाचाला कंटाळून वेगळे घर केले आणि तेव्हा कुठे तिचा संसार मार्गी लागला. मग 'वेगळे बिऱ्हाड' या दोन शब्दांत एकीला पुन्हा परावलंबी होण्याची भीती ऐकू येते आणि दुसरीला सुटकेची वाट, हे कागदावरच दिसते. आलेख कुटुंबासमोर, कुटुंबाच्याच मदतीने काढला तर माणसे एकमेकांकडे पाहण्याऐवजी कागदाकडे पाहतात आणि सूर खाली येतो. नवशिक्याची चूक अशी की तो माहिती भरण्याचा फॉर्म समजून भराभर प्रश्न विचारतो आणि आलेख पूर्ण झाल्याच्या समाधानात बैठक संपवतो.

बैठकांच्या मधल्या काळात खरी परीक्षा होते. एकाचा फोन येतो, दुसरी व्हॉट्सअ‍ॅपवर स्क्रीनशॉट पाठवते, मुलाची मावशी 'तुम्हाला म्हणून सांगते' अशी सुरुवात करते. एकट्याने सांगितलेली गुप्त गोष्ट, उदाहरणार्थ बाहेरचे संबंध, समुपदेशकाने पोटात ठेवायची की नाही, यावर या क्षेत्रात दोन पद्धती आहेत. काहीजण एकेकट्या भेटीतले सारे गोपनीय ठेवतात, काहीजण सुरुवातीलाच स्पष्ट करतात की जोडीच्या कामाला बाधा आणणारे गुपित मी सांभाळणार नाही. मला दुसरी पद्धत अधिक प्रामाणिक वाटते. पद्धत कोणतीही असो, ती पहिल्या भेटीत सर्वांसमक्ष सांगितलेली आणि शक्यतो लिहून दिलेली असली पाहिजे. गुपित कानावर आल्यानंतर नियम ठरवायला बसलो तर कोणाचा तरी विश्वासघात होतोच.

आता त्या मुद्द्याकडे वळू, जिथे बाजू न घेण्याचे हेच कौशल्य घातक ठरू शकते. घरात मारहाण, धमकी किंवा सततची दहशत असेल, तर 'दोघांचेही थोडे थोडे चुकते' ही भाषा हिंसा करणाऱ्याला आधार देते. त्याहून वाईट म्हणजे, बाईने संयुक्त बैठकीत धीर करून सांगितलेल्या वाक्याची किंमत तिला त्या रात्री घरी मोजावी लागते. म्हणून कोणत्याही जोडप्याची संयुक्त बैठक घेण्यापूर्वी प्रत्येकाशी स्वतंत्र बोलणे आणि त्यात हिंसेविषयी सरळ, न लाजता विचारणे हा पाया मानला पाहिजे. 'घरी सगळे ठीक ना?' या प्रश्नाला 'हो' हेच उत्तर येते. 'भांडण वाढते तेव्हा काय होते? हात उचलला जातो का? फोन, पैसे, घराबाहेर जाणे यांवर कोणाचा ताबा आहे? घरी परत जायची भीती वाटते का?' असे विचारले तर उत्तर बदलते.

कायद्यानेही इथे तटस्थतेला मर्यादा घातली आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण कायदा २००५ चा. कलम १४ प्रमाणे दंडाधिकारी समुपदेशनाचा आदेश देऊ शकतात. २००६ च्या नियमांनुसार या समुपदेशनाचा रोख हिंसा पुन्हा होणार नाही याची हमी मिळवण्याकडे असला पाहिजे, प्रतिवादीला आपल्या हिंसेचे समर्थन तिथे मांडू द्यायचे नाही, आणि तडजोडीचे प्रयत्न पीडित स्त्रीची तशी इच्छा असेल तरच करायचे आहेत. वादाशी किंवा पक्षांपैकी कोणाशी संबंध असलेली व्यक्ती सामान्यतः समुपदेशक म्हणून नेमता येत नाही. हे नियम मुद्दाम वाचावेत, कारण 'संसार वाचवला' या मोहापायी ते सर्रास विसरले जातात. संरक्षण अधिकारी, १८१ ही महिलांची हेल्पलाइन, जवळचे आश्रयगृह यांची माहिती समुपदेशकाला पाठ असायला हवी, आणि पीडित स्त्रीने आज रात्री घरी जावे की नाही हे ठरवण्यात तिला मदत करता यायला हवी.

गोपनीयतेबाबतही असाच नेमकेपणा लागतो. 'इथले बोलणे बाहेर जाणार नाही' हे वाक्य फार सढळपणे उच्चारले जाते. न्यायालयीन समुपदेशनात सामान्यतः ते खरे असले तरी मुलाच्या ताब्याच्या वादात त्याला अपवाद आहे. पेरी कंसाग्रा विरुद्ध स्मृती मदन कंसाग्रा या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये असे म्हटले की मुलाचे हित ठरवताना समुपदेशकाचा अहवाल न्यायालयाला विचारात घेता येतो. दुसरा अपवाद अधिक कडक आहे. अठरा वर्षांखालील मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे समजले, तर २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, आणि न कळवणे हा गुन्हा आहे. घरची माणसे हातापाया पडली तरी त्यात सूट नाही. कोणाच्या जिवाला धोका असेल, आत्महत्येचा विचार बोलून दाखवला जात असेल, तेव्हाही गुप्तता मागे पडते. हे सगळे पहिल्याच भेटीत साध्या शब्दांत सांगण्याचा सराव आरशासमोर उभे राहून केला तरी चालेल, पण केला पाहिजे.

मग हे सारे शिकायचे कुठे? महाराष्ट्रात मानसशास्त्र आणि समाजकार्य हे दोन मुख्य रस्ते आहेत. टाटा समाजविज्ञान संस्था, मुंबईचे निर्मला निकेतन, पुण्याची कर्वे समाजसेवा संस्था यांसारख्या ठिकाणी पदव्युत्तर शिक्षण मिळते आणि इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचा समुपदेशन व कुटुंबोपचाराचा पदव्युत्तर अभ्यासक्रम नोकरी करणाऱ्यांना सोयीचा पडतो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते, पण 'कौटुंबिक समुपदेशक' अशी पाटी लावायला आजवर तितकी कडक अट नव्हती. २०२१ च्या राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याने समुपदेशकांच्या काही वर्गांना आपल्या कक्षेत घेतले आहे, हे स्वागतार्ह आहे. त्याची पूर्ण अंमलबजावणी होईतोवर दोन दिवसांच्या कार्यशाळेचे प्रमाणपत्र भिंतीवर लावून जोडप्यांना 'जुळवून' देणारे पुष्कळ भेटतील.

पदवीने ज्ञान मिळते. हात मात्र पर्यवेक्षणात बसतो. पर्यवेक्षण म्हणजे अनुभवी समुपदेशकासमोर आपले काम नियमितपणे उघडे करणे. 'केस चांगली चालली आहे' एवढे सांगून भागत नाही. कुटुंबाच्या लेखी संमतीने बैठक ध्वनिमुद्रित करायची, त्यातली दहा मिनिटे शब्दशः उतरवून काढायची आणि प्रत्येक वाक्यापुढे 'हे मी का बोललो?' याचे उत्तर लिहायचे, हा व्यायाम कंटाळवाणा आहे आणि त्याला तोड नाही. कोण किती वेळ बोलले हे घड्याळ लावून मोजले तर बहुतेक नवशिक्यांना स्वतःचाच आवाज सर्वांत जास्त आढळतो. सासूचे वाक्य तीनदा अर्धवट तोडले गेले, नवऱ्याने विनोद केला तेव्हा आपणही हसलो आणि बायको गप्प झाली, हे आठवणीतून लिहिलेल्या टिपणात कधीच येत नाही.

भूमिकाभिनयही तितकाच उपयोगी आहे, पण त्यात एक अट पाळावी. शिकणाऱ्याने समुपदेशकाच्या खुर्चीत बसण्याआधी सासूच्या, सासऱ्याच्या, बोलवून आणलेल्या चिडक्या नवऱ्याच्या खुर्चीत बसावे. ज्या भूमिकेबद्दल आपल्याला सर्वांत कमी सहानुभूती आहे तीच मुद्दाम घ्यावी. जातीबाहेरच्या लग्नाला विरोध करणारा बाप रंगवताना, त्याचे मत तसूभरही न पटता त्याची नाचक्कीची भीती अंगात कळते, आणि पुढे तसा बाप समोर आला की त्याच्याशी बोलण्यासाठी एखादे दार सापडते.

याच्याच जोडीला स्वतःचा जीनोग्राम येतो. ज्याच्या घरी आईने आयुष्यभर सोसले, त्याचा कल प्रत्येक सुनेकडे झुकेल. ज्याच्या आईवडिलांनी भांडतभांडत संसाराची पन्नाशी गाठली, त्याला कोणतेही लग्न मोडणे हे अपयश वाटेल. हे कल जात नाहीत, ओळखता मात्र येतात. एखाद्या कुटुंबाच्या भेटीचा दिवस आला की पोटात गोळा येतो, किंवा एखाद्याची बाजू आपण घरी जेवतानाही मनात लढवत राहतो, तेव्हा तो विषय पर्यवेक्षकाकडे न्यावा.

अलीकडे या कामात नवी वळणे आली आहेत. मुलगा-सून न्यू जर्सीत किंवा दुबईत, आईवडील नाशिकला, आणि रोजच्या व्हिडिओ कॉलमधून संसारातली मते इकडून तिकडे जात आहेत, अशी मराठी कुटुंबे आता सर्रास पडद्यावर भेटतात. एकाच चौकटीत जोडपे खांद्याला खांदा लावून बसलेले असते, त्यामुळे दोघांच्या मधली मोकळी जागा, वळवलेली पाठ दिसत नाही. खोलीत तिसरे कोणी ऐकत नाही ना, हे विचारावे लागते. हिंसेची शंका असेल तर ऑनलाइन संयुक्त बैठक घेऊच नये, असे माझे मत आहे, कारण बैठक संपताच ती व्यक्ती त्याच घरात, त्याच माणसाजवळ असते आणि दुसऱ्या देशातली मदतयंत्रणा आपल्या हाताशी नसते.

काम साधले की नाही हे कसे ओळखायचे, याचे उत्तर न्यायालयाच्या 'समझोता झाला' या नोंदीत मिळत नाही. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांच्या अभ्यासात जोडप्यांमधले सुमारे ६९ टक्के वाद हे कधीच न सुटणारे, स्वभाव आणि गरजांच्या फरकातून येणारे निघाले. फरक पडतो तो वाद सुटण्याने कमी आणि तो तुच्छतेशिवाय बोलता येण्याने जास्त. काही जोडपी समुपदेशनानंतर वेगळी होतात आणि तेही चांगले काम असू शकते. परस्पर संमतीच्या घटस्फोटातला सहा महिन्यांचा प्रतीक्षाकाळ योग्य परिस्थितीत माफ करता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट केले, त्यामुळे निर्णय पक्का झालेल्यांना ताटकळत ठेवण्याचे कारण उरलेले नाही. अशा वेळी समुपदेशकाचे उरलेले काम ठोस असते: मुलांना ही गोष्ट दोघांनी मिळून, एकाच दिवशी, एकमेकांवर दोष न टाकता कशी सांगायची, दिवाळीची आणि मे महिन्याची सुट्टी कोणाकडे, शाळेच्या पालकसभेला कोणी जायचे, आणि आजीला नातीला केव्हा भेटता येईल, हे दोघांच्या शब्दांत कागदावर उतरवून घेणे आणि तीन महिन्यांनी पुन्हा एक भेट ठरवून ते जमते आहे का ते पाहणे.